राजेसाहेबांना मत नाही

मंडळात काम केलं की पदरात दोन गोष्टी पडतात, पावतीपुस्तकं आणि किस्से. पावतीपुस्तकं पुढच्या चिटणीसाकडे देता येतात, किस्से मात्र कुणी घेत नाही. घरात जुन्या छत्र्या साठतात ना, तसे ते साठत राहतात. आणून कुणी ठेवत नाही, पण दाराआड बघावं तर पाच-सहा उभ्याच.

मी नोकरीच्या निमित्ताने चेन्नईत सतरा वर्षं काढली. नुंगंबाक्कमला केंद्र सरकारचं ऑफिस, वेस्ट मांबलमला भाड्याचा फ्लॅट, आणि ऑफिसमागच्या गल्लीत आमच्या मराठी मंडळाचा हॉल. या त्रिकोणात माझं आयुष्य बसलं होतं. सहचिटणीस झालो तो केवळ अक्षर बरं म्हणून. पण माझे निम्म्याहून जास्त किस्से एकाच माणसाचे आहेत. आमचे तहहयात अध्यक्ष, यशवंतराव. सगळं मंडळ त्यांना राजेसाहेब म्हणायचं.

राजेसाहेब टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराबरोबर तंजावरला आले आणि तिकडचेच झाले. राज्य गेलं, जमीन गेली, उरला तो नुसता राजेसाहेब हा शब्द. आणि मंडळाची घटना लिहिली होती लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्या एका हौशी सभासदाने. त्याला तिथला राजा फार आवडला असावा. कलम नऊ सांगायचं, की अध्यक्ष तहहयात राहतील, कार्यकारिणीच्या सल्ल्याने सही करतील, आणि मंडळाच्या कोणत्याही वादात स्वतःचं मत व्यक्त करणार नाहीत.

बाकीची कलमं आम्ही सोयीने पाळायचो. कलम नऊ राजेसाहेबांनी अंगाला लावून घेतलं होतं.

*

मे महिन्यातली सभा. चेन्नईचा मे म्हणजे काय ते चेन्नईत राहिलेल्यालाच कळेल. हॉलमधले दोन पंखे बंद, तिसरा फक्त आवाज करणारा. नवीनच बदली होऊन आलेले एक बँकवाले गृहस्थ रुमालाने मान पुसत, काहीतरी बोलायचं म्हणून राजेसाहेबांना म्हणाले, "काय भयंकर उकडतंय नाही आज?"

राजेसाहेबांच्या शर्टाची पाठ ओलीचिंब होती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "काही सभासदांचं तसं म्हणणं आहे."

बँकवाल्यांना वाटलं, म्हातारा टिंगल करतोय. मी त्यांना बाजूला घेऊन कलम नऊ दाखवलं. पंखे दुरुस्त करायचे की नवीन घ्यायचे यावर त्या वेळी कार्यकारिणीत दोन तट होते. उकडतंय म्हटलं असतं तर नवीन पंखेवाल्यांना बळ मिळालं असतं!

*

गणपतीच्या जेवणात सांबार की आमटी हा आमचा दरवर्षीचा वाद. जुनी घरं, म्हणजे तंजावरकडून आलेली कुटुंबं, सांबाराच्या बाजूची. नवे, म्हणजे माझ्यासारखे रेल्वे, बँक, सरकारी ऑफिसवाले आणि नंतर आलेली आयटीतली पोरं, आमटीच्या बाजूचे. शेवटी दोन्ही करायचं ठरायचं आणि दोन्ही बाजू राजेसाहेबांच्या पानाकडे बघत बसायच्या, की पहिला हात कुठल्या वाटीला जातो.

एका वर्षी त्यांनी आमटी उचलली. आमचे चिटणीस सरपोतदार खूश झाले. हे सरपोतदार एका बँकेत अधिकारी, भांग काटेकोर, बोलणं त्याहून काटेकोर. त्यांनी पंक्तीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आवडली ना आमटी, राजेसाहेब?"

राजेसाहेब म्हणाले, "गेल्या वर्षी सांबार पहिलं घेतलं होतं."

नंतर कळलं की ते डायरीत लिहून ठेवत. कुठल्या वर्षी कुठली वाटी आधी, हे त्यांच्या बायकोने मला दाखवलं. पानं भरली होती.

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. तंजावर भागात थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. अक्का नवऱ्याच्या अगदी उलट. त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते त्या लगेच सांगत. आमटीवरही होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

*

मोबाइलवर इनकमिंग फुकट होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. शहराच्या दक्षिणेला आयटीच्या काचेच्या इमारती उठत होत्या, पलीकडे मोटारींचे कारखाने. मंडळात दर महिन्याला नवे चेहरे यायला लागले. नव्यांचं संख्याबळ वाढलं आणि सरपोतदारांच्या डोक्यात आलं, की मंडळ आता 'खऱ्या' मराठी माणसांचं व्हायला हवं.

ठराव असा होता. मतदानाचा हक्क असलेल्या प्रत्येक सभासदाने नवा फॉर्म भरावा, त्यात महाराष्ट्रातलं आपलं मूळ गाव लिहावं. ज्याला ते लिहिता येणार नाही, तो यापुढे सहयोगी सभासद. त्याने जेवायला यावं, नाटकाला यावं, मत देऊ नये.

ठरावाची भाषा माझी. सरपोतदार म्हणाले, कुलकर्णी, तुम्ही छान लिहिता, आणि मी फुशारून लिहून दिली. 'सहयोगी' हा गोड शब्द माझाच. मला तेव्हा ती फक्त एक चांगली जमलेली ओळ वाटली, हे मी कबूल करतो. आपण कुणाला उंबऱ्याबाहेर उभं करतोय हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

ठराव कार्यकारिणीत एका मताच्या फरकाने पास झाला आणि सहीसाठी राजेसाहेबांकडे गेला. कलम नऊमध्ये त्यांना एक सवलत होती. सही करण्यापूर्वी त्यांना एकदा, फक्त एकदा, प्रश्न विचारता यायचा. तीस वर्षांत त्यांनी ती कधी वापरली नव्हती.

त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "मज एक वेळ विचारायचा अधिकार आहे. विचारतों. नीट विचार केलात का?"

सरपोतदार म्हणाले, "केला."

राजेसाहेबांनी सही केली. आपल्याच घराण्याच्या, आपल्याच बायकोच्या हक्काविरुद्धच्या कागदावर, वळणदार, जराही न हलता.

*

मग फॉर्म यायला लागले आणि माझी करमणूक सुरू झाली. जुन्या घरांपैकी कुणालाच मूळ गाव ठाऊक नव्हतं. एका आजोबांनी 'पुणे' लिहिलं. चौकशी केली तर एकदा काशीहून येताना त्यांनी तिथे गाडी बदलली होती. एका बाईंनी नकाशा समोर ठेवून सुनेला डोळे मिटून बोट ठेवायला सांगितलं. बोट अरबी समुद्रात पडलं, म्हणून पुन्हा ठेवलं.

अक्कांनी 'वेस्ट मांबलम' लिहिलं होतं. सरपोतदारांनी फॉर्म परत पाठवला. अक्का फॉर्म घेऊन स्वतः हॉलवर आल्या. सरपोतदार समजावू लागले, की गाव महाराष्ट्रातलं पाहिजे, तुमची मंडळी जिथून निघाली ते.

अक्का म्हणाल्या, "तीनशें वर्षांमागे कुठल्या स्टेशनांत चढलों, तिकीट कोणी जपून ठेवलंय?"

हॉल हसला. सरपोतदार हसले नाहीत. त्यांनी शांतपणे फॉर्मवर शिक्का मारला, 'सहयोगी'. अक्का त्या शिक्क्याकडे बघत राहिल्या. त्यांनी या मंडळासाठी जवळपास चाळीस वर्षं स्वयंपाक केला होता, हळदीकुंकवं मांडली होती, नव्याने आलेल्या प्रत्येक पोराला घर शोधून दिलं होतं. मलाही त्यांनीच दिलं होतं. त्या दिवशी मी टेबलावरचे कागद उगीच सारखे करत बसलो.

पुढच्या आठवड्यात जुन्या घरांनी कोर्टात दावा लावला. वयाने थोरल्या म्हणून वादी नंबर एक, अक्का.

*

आता दावा लावायचा तर कुणावर? मंडळावर. मंडळ म्हणजे कायद्याच्या भाषेत, अध्यक्षांमार्फत मंडळ. त्यामुळे प्रतिवादी नंबर एक, राजेसाहेब. वादींचे वकील वरदराजन मला गमतीने म्हणाले, की इंग्लंडात सगळे फौजदारी खटले राजाच्या नावाने चालतात, पण राजा कधी कोर्टात येऊन काही बोलत नाही. तुमच्याकडे राजा आहे, राणी आहे, आणि राणीनेच राजावर केस केली आहे.

समन्स घेऊन कोर्टाचा बेलिफ राजेसाहेबांच्या घरी गेला, तेव्हा ते आंघोळीला गेले होते. दार अक्कांनी उघडलं. बेलिफने विचारलं, प्रतिवादी आहेत का? नाहीत, तर घरातल्या मोठ्या माणसाने सही करून घ्यावं. नातं काय? पत्नी. नाव काय?

अक्कांनी नाव सांगितलं. बेलिफने ते लिहिलं, मग हातातल्या कागदाकडे पाहिलं, परत लिहिलेल्याकडे पाहिलं, परत कागदाकडे. वादी आणि समन्स घेणारी एकच! पंचवीस वर्षांच्या नोकरीत असं कधी घडलं नव्हतं म्हणे. बिचाऱ्याला कळेना, की दावा लावणाऱ्याकडेच दाव्याचा कागद द्यावा की नाही. अक्कांनी त्याला बसवलं आणि फिल्टर कॉफी दिली.

राजेसाहेब टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. त्यांनी समन्स घेतलं, सही केली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी केली.

अक्कांनी विचारलं, "वाचलांत ना? काय वाटलं?"

राजेसाहेब म्हणाले, "पोचलं."

हा किस्सा मला खुद्द बेलिफने सांगितला. कॉफी फार छान होती, असंही म्हणाला.

*

तेव्हापासून त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये केसविषयी एक अक्षर बोलायचं नाही असा नियम झाला. नियम राजेसाहेबांचा, त्रास अक्कांचा. वरदराजन कागद घेऊन आले की राजेसाहेब गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मी मंडळाचे कागद सहीला घेऊन गेलो की अक्का स्वयंपाकघरात जायच्या. मग सही झाल्यावर बाहेर येऊन मला, धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणायच्या, "तंबी, जेवून जा." विरोधी पक्षाचे कागद हातात धरून मी त्यांच्या घरी उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पचडी खाल्ली आहे. खाली मान घालून, पण दोनदा वाढून घेतली.

एकदा मात्र त्या वाढता वाढता थांबल्या. विचारलं, "तंबी, ते 'सहयोगी' म्हणून कोणी लिहिलं?"

मी म्हणालो, समितीने.

खोटं होतं आणि त्यांना ते कळलं असावं. त्या मग पलीकडे पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "माझं लग्न त्याच हॉलांत झालं. माझ्या आईचं तेरावं तिथंच. तुम्ही अध्यक्ष म्हणून सांगू नका, सेरी. घरचा माणूस म्हणून एक वेळ सांगा, मी पाहुणी का?"

सेरी म्हणजे तमिळमध्ये ठीक आहे. पण ते म्हणताना त्यांचा आवाज काही ठीक नव्हता.

राजेसाहेबांनी पेपर खाली ठेवला. तोंड उघडलं. मग उठले आणि गॅलरीत गेले. तिथे ते तुळशीला पाणी घालताना मला जाळीतून दिसत होते. तांब्या रिकामा होता. ते तरी घालत होते.

मला त्या दिवशी त्यांचा राग आला. एवढं कसलं कलम नऊ, असं वाटलं. आपल्या माणसाला एक शब्द देता येत नसेल तर राजा होऊन करायचं काय? आणि गंमत म्हणजे, ज्याने ती ओळ लिहिली त्या माझा मला तेवढा राग येत नव्हता. तो घरी गेल्यावर आला.

*

कोर्टाच्या तारखेला वादी आणि प्रतिवादी एकत्र निघायचे. मांबलमहून लोकल, मग पुढे ऑटो, ऑटोचं भाडं अर्धं अर्धं. कोर्टाच्या पायरीपर्यंत राजेसाहेब अक्कांचा हात धरून न्यायचे, कारण अक्कांचा गुडघा दुखायचा. आत गेलं की ते डाव्या बाकावर, त्या उजव्या.

डबा मात्र एकच यायचा. तीन पुडाचा. वरच्या पुडात वादीचा दहीभात, मधल्यात प्रतिवादीचा दहीभात, खालच्यात लिंबाचं लोणचं, ते दोघांचं. दुपारच्या सुट्टीत व्हरांड्यात बसून दोघं खायचे. एकदा न्यायाधीश तिथून जात असताना त्यांनी हे पाहिलं आणि वरदराजनना विचारलं, की तुमच्या अशीलाने तडजोड केली का? वरदराजन म्हणाले, नाही, फक्त जेवण केलं.

त्याच दुपारी न्यायाधीशांनी राजेसाहेबांना पिंजऱ्यात बोलावलं. सगळं तमिळमध्ये आणि मधूनमधून इंग्रजीत चाललं होतं. न्यायाधीशांनी सरळ विचारलं, की या ठरावाबद्दल तुमचं स्वतःचं म्हणणं काय?

राजेसाहेब म्हणाले, "युअर ऑनर, समिती म्हणेल तेच माझं म्हणणं."

"आणि समिती चुकत असेल तर?"

"तर ते कोर्ट सांगेल."

न्यायाधीश हसले. मग त्यांनी तात्पुरता हुकूम दिला. असले घरगुती वाद कोर्टाने सोडवण्यापेक्षा घरानेच सोडवावेत. सर्वसाधारण सभा बोलवा, ठराव तिच्यापुढे मांडा, गुप्त चिठ्ठ्यांनी मतं घ्या. बहुमत मिळालं तर ठराव राहील, नाही तर पडेल. आणि या एका सभेपुरतं, दाव्यात ज्यांची ज्यांची नावं वादी म्हणून आहेत त्या सगळ्यांना मत देता येईल.

परतीच्या लोकलमध्ये मी त्यांच्याच डब्यात होतो. अक्का खिडकीशी, राजेसाहेब शेजारी.  नुंगंबाक्कमला एक मल्लिगेवाली, म्हणजे मोगऱ्याचे गजरे विकणारी बाई चढली. राजेसाहेबांनी एक गजरा घेतला आणि वादी नंबर एकच्या मांडीवर ठेवला. प्रतिवादीने असं करावं की नाही, हे कलम नऊमध्ये लिहिलेलं नव्हतं.

*

सभा महिन्याभराने. तो महिना मी विसरणार नाही. सरपोतदारांनी आयटीतल्या पोरांना एसेमेसवर एसेमेस पाठवले, शेवटी पुरणपोळीचं आमिष दाखवलं. जुन्या घरांनी लँडलाइनवरून तांबरमपासून रोयापुरमपर्यंतचे म्हातारे-म्हाताऱ्या गोळा केल्या. एक आजोबा ऑक्सिजनची नळी लावून आले. एक पोरगा पुरणपोळी संपली का हे विचारून मगच आत आला.

मतदारांची यादी माझ्याकडे होती. आलेल्या फॉर्मांवरून ती मीच टाइप केली होती, रविवारी दुपारी, टीव्हीवर मॅच बघत. ज्याच्या फॉर्मात मूळ गाव आहे तो मतदार, ज्याचा रकाना रिकामा तो सहयोगी, आणि कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे वादींची नावं वेगळी जोडलेली. सरपोतदारांनी यादी डोळ्यांखालून घातली, राजेसाहेबांनी प्रत्येक पानावर सही केली होती.

चिठ्ठ्या टाकून झाल्या. मी, सरपोतदार आणि वरदराजन मोजायला बसलो. एकदा मोजलं, दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा वरदराजननी एकट्याने मोजलं. ठरावाच्या बाजूने जेवढी मतं, बरोबर तेवढीच विरुद्ध.

इथे एक सांगून टाकतो. विरुद्ध पडलेल्या चिठ्ठ्यांत एक माझी होती. ज्या ओळीबद्दल मी फुशारलो होतो, तिच्यावर मी स्वतःच्या हाताने फुली मारली. सरपोतदारांना हे अजून माहीत नाही. ते आता पुण्याला असतात, वाचतील तर वाचोत.

हॉलमध्ये गलका सुरू झाला. तेवढ्यात सरपोतदारांनी घटनेची प्रत उघडली आणि कलम अकरा वाचून दाखवलं. मतं समसमान पडली तर अध्यक्षांनी निर्णायक मत द्यावं. तीस वर्षांत असा प्रसंग आला नव्हता, त्यामुळे कलम अकरा कुणाच्या लक्षातच नव्हतं.

गलका एकदम थांबला. सगळ्यांच्या माना राजेसाहेबांकडे वळल्या.

सरपोतदार कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी मंडळाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या, खाली सही ठोकली, आणि कागद राजेसाहेबांपुढे ठेवला. कार्यकारिणी अध्यक्षांना असा सल्ला देते, की त्यांनी आपलं मत ठरावाच्या बाजूने द्यावं. कलम नऊप्रमाणे अध्यक्ष सल्ल्यानेच वागणार. म्हणजे राजेसाहेबांना निवड उरलीच नाही. सल्ला मोडावा तर जन्मभर पाळलेलं कलम मोडतं, पाळावा तर शेजारच्या ओळीत बसलेली बायको त्यांच्याच मताने त्या हॉलमध्ये कायमची पाहुणी होते.

अक्का बसल्या होत्या त्या बायकांच्या पहिल्या रांगेत. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या. मांडीवरच्या रुमालाच्या कडा सरळ करत होत्या. 

राजेसाहेब उठले. सल्ल्याचा कागद त्यांनी दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "सल्ला पोचला. मी त्यास बांधील आहे. कुलकर्णी, मतदारांची यादी आणा."

मी यादी नेऊन दिली.

"माझं नांव वाचा."

मी 'य' काढला. नाव नव्हतं. आडनावाने शोधलं, नव्हतं. पान उलटलं, परत उलटलं. हॉलमधून कुणीतरी खाकरलं. मग मी शेवटचं पान काढलं. सहयोगी सभासद, अनुक्रमांक एक, यशवंतराव. पानाखाली त्यांचीच सही, वळणदार.

"फॉर्म मीही भरला होता," राजेसाहेब म्हणाले. "मूळ गांवाचा रकाना मज भरतां आला नाही. कोर्टाची सवलत वादींस आहे, मी प्रतिवादी. तुमच्या ठरावाप्रमाणे सहयोगी सभासदास मत नाही. सल्ला पाळायची माझी तयारी आहे, पण मत आणूं कुठून?"

आणि ते खाली बसले.

सरपोतदारांनी यादी माझ्या हातातून घेतली. त्यांनी ते पान एवढ्या वेळा वाचलं की मला वाटलं आता फाटणार. वरदराजन उभे राहिले आणि अतिशय सावकाश म्हणाले, की मतं समसमान आहेत, निर्णायक मत नाही, म्हणजे ठरावाला बहुमत नाही. कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे ठराव पडला आहे.

दोन क्षण कुणाला काही समजलंच नाही. मग ऑक्सिजनवाल्या आजोबांनी काठी आपटली आणि हॉल उसळला. पुरणपोळीवाला पोरगासुद्धा टाळ्या वाजवत होता, त्याने कुठल्या बाजूने मत दिलं होतं देव जाणे.

अक्का उठल्या. गुडघा धरत, माणसांमधून वाट काढत त्या अध्यक्षांच्या खुर्चीपाशी आल्या. डोळे भरलेले, पण चेहरा चिडलेला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्या सगळ्या मंडळासमोर नवऱ्याशी केसविषयी बोलल्या.

"हें तुम्हांस ठाऊक होतं?"

"होतं."

"आठ महिने मी झोपलें नाही. मज एक शब्द सांगायचा नाही?"

राजेसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी एखाद्या सभासदाकडे पाहावं तसं नाही.

"प्रकरण कोर्टांत होतं," ते म्हणाले.